मुखवट्याचा अर्थ आणि मुखवट्याचा हक्क

कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील क्वाक्वाक्यवाक्व समाजाचा रूपांतर-मुखवटा लाल सीडरच्या लाकडात कोरलेला असतो. बाहेरून तो डोमकावळा वा गरुड दिसतो. नर्तकाने दोऱ्या ओढताच तो दुभंगतो आणि आतून मनुष्यमुख प्रकटते. प्राणिरूप टाकून मनुष्य झालेल्या कुलपुरुषाची कथा अशा वेळी प्रेक्षकांसमोर पुन्हा घडते. अशा मुखवट्याचा अर्थ नेमका कोठे वसतो?

लेवी-स्ट्रॉस यांनी १९७५ साली या किनाऱ्यावरील मुखवट्यांविषयी ग्रंथ लिहून त्याचे संरचनावादी उत्तर दिले. एकटा मुखवटा अर्थपूर्ण नसतो. शेजारच्या समाजांतील मुखवट्यांशी असलेल्या साम्यविरोधातून तो अर्थ मिळवतो. एका समाजाकडून दुसऱ्याकडे जाताना रूप टिकले तर आशय उलटतो, आणि आशय टिकला तर रूप उलटते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मांडणीने मुखवट्यांना 'आदिम' कुतूहलवस्तूंच्या पंक्तीतून उठवून विचारव्यवस्थेचा दर्जा दिला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र मुखवट्यांचे परस्परसंबंध उलगडताना मुखवटा आणि त्याचा धनी यांचा संबंध तीत दुय्यम ठरला.

हा संबंध केवळ मालकीचा नव्हे. विशिष्ट मुखवटा नाचविण्याचा अधिकार, त्याचे गाणे, नाव आणि कथा ही घराण्याची मिरास असते. पॉटलॅच या दानसमारंभात यजमान ती प्रकट करतो. पाहुणे दान स्वीकारून तिचे साक्षीदार होतात. १८८५ पासून कॅनडाच्या कायद्याने या समारंभावर बंदी घातली. १९२१ च्या डिसेंबरात व्हिलेज आयलंड येथे डॅन क्रॅनमर यांनी भरविलेल्या पॉटलॅचनंतर खटले झाले, अनेकांना तुरुंगवास घडला. मुखवटे स्वाधीन केल्यास शिक्षा स्थगित ठेवण्याची अट घालण्यात आली. जप्त मुखवटे संग्रहालयांत विखुरले. बंदी १९५१ साली कायद्यातून वगळली गेली. मुखवटे मात्र त्यानंतरही दीर्घकाळ परतले नाहीत.

पुढे त्यांपैकी पुष्कळ परत मिळाले. त्यांच्यासाठी १९७९ मध्ये केप मज येथे व १९८० मध्ये अलर्ट बे येथे संस्था उभ्या राहिल्या. अलर्ट बेच्या संस्थेचे नाव 'उमिस्ता'. पूर्वी शत्रूच्या कैदेतून सुटून परतणाऱ्यांसाठी हा शब्द योजला जाई. तेथे परतलेले मुखवटे काचपेटीत ठेवलेले नाहीत. एकदा कोंडलेल्यांना पुन्हा कोंडू नये, हा त्यामागील भाव आहे. मांडणीचा क्रमही पॉटलॅचमधील प्रवेशाचाच आहे.

संग्रहालयाने मुखवटा वस्तू म्हणून जपला, संरचनावादाने तो संहिता म्हणून वाचला. बंदी घालणाऱ्या सत्तेने मात्र मुखवटे हिरावून त्यांचे सामर्थ्य अजाणता मान्य केले. संहितेचा अर्थ लावण्याआधी ती उच्चारण्याचा हक्क कोणाचा, हे विचारल्यावाचून समीक्षेचे वाचन अपुरेच राहते.