नाशिकच्या तुरुंगांतील समाजवादाची शाळा

उन्हाळ्याच्या सुटींत तरुण संशोधकांना एखाद्या शांत गांवीं एकत्र आणावें, सकाळीं जाणत्यांचीं व्याख्यानें ठेवावींत, दुपारीं टिपणें वाचावींत आणि रात्रीं यथेच्छ वाद घालावा, ही प्रथा युरोपांतील विद्यापीठांत आतां चांगलीच रुळली आहे. १९८९ मध्यें पूर्व युरोपांतील समाजवादी राजवटी कोसळल्या, १९९१ मध्यें खुद्द सोव्हिएट संघ विसर्जित झाला, आणि त्या समाजांचें पुढें काय झालें हा अशा उन्हाळी शाळांचा एक आवडता विषय होऊन बसला. महाराष्ट्रांत समाजवादाची जी शाळा सर्वांत गाजली, ती मात्र कोणत्याहि विद्यापीठानें भरविलेली नव्हती. ती भरविण्याचें श्रेय इंग्रज सरकारकडे जातें. स्थळ नाशिक रोडचा मध्यवर्ती तुरुंग आणि काळ १९३२-३३ चा.

१९३२ च्या जानेवारींत कायदेभंगाची चळवळ पुन्हां सुरू झाली आणि तुरुंग भराभर भरूं लागले. जयप्रकाश नारायण यांना त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मद्रासेस पकडण्यांत आलें. काँग्रेसचा मेंदूच सरकारच्या हातीं लागला, अशा अर्थाचा मथळा तेव्हां मुंबईच्या एका वृत्तपत्रानें दिला होता. हा मेंदू नाशिकला आणून ठेवला गेला. तेथें त्यांना जे सोबती लाभले त्यांचीं नांवें पुढें साऱ्या देशाला परिचित झालीं: मिनू मसानी, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, एस. एम. जोशी, नानासाहेब गोरे आणि एम. एल. दांतवाला. बहुतेक सर्वांचीं वयें विशी-तिशींतलीं. एखाद्या महाविद्यालयानेंहि हेवा करावा असा हा वर्ग होता. जयप्रकाशांनीं १९२२ ते १९२९ अशीं सात वर्षें अमेरिकेंत काढलीं होतीं. मळ्यांत आणि कारखान्यांत मजुरी करीत त्यांनीं तेथें समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि मार्क्सचा विचार आत्मसात् केला. मसानी लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेले, ब्रिटिश मजूर पक्षाच्या वळणाचे. अहमदनगरचे पटवर्धन काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत अर्थशास्त्र शिकवीत असत. एकाच्या डोळ्यांपुढें रशियाची पंचवार्षिक योजना, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें पार्लमेंट, आणि सर्वांच्या मनांत गांधीजी, असा हा तिपेडी गोफ होता.

या शाळेंत परीक्षा नव्हती, पण प्रश्नपत्रिका एकच होती: दोनदां एवढी मोठी चळवळ उभारूनहि ती ओसरते कां? शेतकरी आणि कामगार आपल्या पोटापाण्याच्या मागण्या घेऊन तींत उतरत नाहींत, तोंवर स्वराज्य हें शिकलेल्या वर्गाचेंच राहील, असें उत्तर निघालें. काँग्रेस सोडावयाची नाहीं, तिच्या आंत राहूनच समाजवाद्यांचा गट बांधावयाचा, हा बेत तेथें पक्का झाला. कैद्यांची सुटका झाल्यावर १९३४ च्या मे महिन्यांत आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालीं पाटण्यास परिषद झाली आणि ऑक्टोबरांत मुंबईस काँग्रेस समाजवादी पक्षाची रीतसर स्थापना होऊन जयप्रकाश सरचिटणीस झाले. १९३६ मध्यें समाजवाद कशासाठीं, हें सांगणारें त्यांचें इंग्रजी पुस्तक निघालें. त्यांतील पुष्कळ युक्तिवाद नाशिकच्या बराकींतच घासून-पुसून झाले असावेत.

याच तुरुंगांत साने गुरुजीहि होते. १९३३ च्या फेब्रुवारींत अवघ्या पांच दिवसांत त्यांनीं ‘श्यामची आई’ येथेंच लिहिली. त्यापूर्वीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांचीं गीताप्रवचनें त्यांनींच उतरून घेतलीं होतीं. त्या वेळचे तुरुंग म्हणजे विद्यापीठें होतीं, असें नेहमीं म्हटलें जातें. पण एकाच तटबंदीच्या आंत कोणी मार्क्स आणि कोणी माउली आठवीत होतें, हें ध्यानांत घेतल्यावांचून महाराष्ट्रांतील समाजवादाचा निराळा, कांहींसा हळवा स्वभाव उमगत नाहीं. पुढें गुरुजी आणि एस. एम. एकाच राष्ट्र सेवा दलाच्या मांडवांत दिसले, यांत नवल नाहीं.

तथापि या शाळेच्या अभ्यासक्रमांत एक मोठी उणीव होती, आणि ती झांकण्याचें कारण नाहीं. तुरुंगांत वर्गविग्रहाची चर्चा चालू होती, त्याच काळांत त्याच शहरांत पंचवटीच्या काळाराम मंदिराच्या दाराशीं डॉ. आंबेडकरांचे अनुयायी उभे होते. २ मार्च १९३० रोजीं सुरू झालेला तो सत्याग्रह १९३४ पर्यंत अधूनमधून चालूच राहिला. १९३५ मध्यें नाशिक जिल्ह्यांतीलच येवल्यास आंबेडकरांनीं हिंदु म्हणून न मरण्याची प्रतिज्ञा केली आणि पुढल्याच वर्षीं जातिसंस्थेच्या उच्छेदनावरील आपल्या भाषणांत समाजवाद्यांना रोखठोक विचारलें कीं, जातीचा प्रश्न टाळून तुमची क्रांति होणार तरी कशी? राममंदिराचें दार आणि तुरुंगाचें दार यांमधलें अंतर कांहीं मैलांचें. विचाराचें अंतर तुटावयास फार वर्षें लागलीं.

शाळेची कल्पना मात्र रुजली. १९३८ च्या उन्हाळ्यांत बिहारमधील सोनपूर येथें जयप्रकाशांनीं कार्यकर्त्यांसाठीं राजकारणाचा ग्रीष्म वर्ग भरविला. मानवेंद्रनाथ रॉय यांचींहि अभ्यासशिबिरें डेहराडूनला भरत. १९४६ च्या मे महिन्यांतील शिबिरांत त्यांनीं साम्यवादापलीकडे जाण्याची भाषा उघडपणें मांडली. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच रॉयपंथांतले. रशियाची राजवट अजून भरभराटींत असतां तिच्या पलीकडे काय, हा प्रश्न येथें विचारला जात होता.

नाशिकच्या वर्गांतहि तो लौकरच विचारला गेला. मॉस्कोच्या खटल्यांनंतर मसानींचा विश्वास उडाला. १९३९ मध्यें त्यांनीं पक्ष सोडला आणि १९५९ मध्यें स्वतंत्र पक्षाच्या स्थापनेंत ते अग्रभागीं दिसले. पक्षांत घेतलेल्या कम्युनिस्टांना १९४० मध्यें काढून टाकावें लागलें. १९४८ च्या मार्चमध्यें समाजवादी पुन्हां नाशिकलाच जमले आणि ज्या गांवीं काँग्रेसमध्यें राहण्याचा बेत ठरला, त्याच गांवीं काँग्रेस सोडण्याचा निर्णय झाला. त्यानंतर वर्ग पांगला. पटवर्धन १९५० मध्यें राजकारणांतून निवृत्त झाले. जयप्रकाशांनीं १९५२ मध्यें पुण्यास एकवीस दिवसांचें उपोषण केलें. मनुष्यानें चांगलें कां वागावें याचें उत्तर जडवादापाशीं नाहीं, असें त्यानंतर त्यांनीं लिहिलें आणि १९५४ मध्यें भूदानाला जीवनदान दिलें. अशोक मेहता १९६३ मध्यें नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. दांतवाला शेतीच्या अर्थशास्त्राकडे वळून १९६५ मध्यें कृषिमूल्य आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. एस. एम. आणि नानासाहेब तेवढे आपल्या वाटेवर राहिले. गोवा, संयुक्त महाराष्ट्र, पुन्हां तुरुंग.

जयप्रकाश १९७९ मध्यें गेले, अशोक मेहता १९८४ मध्यें. एस. एम. जोशी १ एप्रिल १९८९ रोजीं वारले. बर्लिनची भिंत पडावयास तेव्हां सात महिने अवकाश होता. सोव्हिएट संघाचा शेवट पाहावयास पटवर्धन, गोरे, मसानी आणि दांतवाला हे चौघे हयात होते.