कमलाबाईंचा अर्ज आणि आमच्या घरातला अर्ज



सूर्यास्ताआधी जेवणं आटोपली की आमच्या घरी संध्याकाळ मोठी असते. गेल्या आठवड्यात अशाच एका संध्याकाळी धाकट्या दिरांची मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली. फूड टेक्नॉलॉजीची पदवी झाली आहे, आता मास्टर्ससाठी परदेशी जायचं म्हणते. शिष्यवृत्तीच्या अर्जात "मला हेच का शिकायचं आहे" यावर पाचशे शब्द लिहायचे होते. म्हणाली, "मोठी आई, तू वाच ना. बाकी सगळे मला जाऊ द्यायचं की नाही यावरच बोलतात, अर्ज कुणी वाचतच नाही."

खरंच होतं ते. सासूबाईंचं म्हणणं, आधी सोयरीक जमू दे. दिरांना पैशांची काळजी. मी कॉमर्सची पदवीधर, मला त्यातलं शास्त्र काय कळणार? पण तिचा विषय डाळींमधली प्रथिनं हा आहे, हे वाचलं आणि मला एकदम कमलाबाई सोहोनी आठवल्या. तिला त्या माहीतच नव्हत्या. म्हणून तिला सांगितलं तेच आज तुम्हालाही सांगते.

कमलाबाई म्हणजे माहेरच्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञानसंस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. कमलाबाईंनी १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली, त्याही पहिल्या क्रमांकाने. मग त्याच बंगळूरच्या संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. अर्ज नामंजूर झाला, कारण अर्जदार मुलगी होती.

आपल्यापैकी किती जणींनी तिथेच कागद गुंडाळून ठेवला असता! कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या, कारण विचारलं आणि हटून बसल्या. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट वाचली की आजही कानशिलं तापतात. त्यांनाही हा अपमान आयुष्यभर बोचला. पण त्या वेळी त्यांनी अटी स्वीकारल्या आणि श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली कामाला लागल्या. काम कशावर? दूध आणि डाळी यांच्यातल्या प्रथिनांवर! वर्षभरानंतर रामन यांचं समाधान झालं, कमलाबाईंना नियमित प्रवेश मिळाला आणि इतर मुलींसाठीही त्या संस्थेचं दार उघडलं. १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. केलं.

आता पुढची पायरी परदेशाची. त्यांनी पुन्हा अर्ज केले आणि मुंबई विद्यापीठाच्या दोन शिष्यवृत्त्या मिळवल्या. एक स्प्रिंगर संशोधन शिष्यवृत्ती, दुसरी सर मंगलदास नथुभाई यांच्या नावाची. मंगलदास हे एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे मोठे व्यापारी, १८९० मध्ये वारले. त्यांनी ठेवलेल्या पैशांतून जवळजवळ अर्ध्या शतकानंतर एक मुलगी केंब्रिजला गेली. दान कुठवर पोचतं बघा!

केंब्रिजला त्या न्यूनहॅम कॉलेजात होत्या आणि काम करत होत्या सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ मध्ये नोबेल मिळालेले हेच ते हॉपकिन्स. तिथे आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. आपल्या स्वयंपाकघरात न येणाऱ्या बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींमध्ये "सायटोक्रोम सी" हा घटक सापडला. पेशींच्या श्वसनात त्याचं मोठं काम असतं. सगळा प्रबंध अवघ्या ४० पानांचा, आणि कामाला लागले १४ महिने. १९३९ मध्ये त्या पीएच.डी. झाल्या. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या काही भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव आहे. आणि गंमत म्हणजे खुद्द केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण हक्काच्या पदव्या दिल्या त्या १९४८ पासून! म्हणजे अडथळे फक्त आपल्याकडेच होते असं नाही.

त्यांच्याही आधी केरळच्या जानकी अम्माळ अमेरिकेला गेल्या होत्या. मिशिगन विद्यापीठात लेव्ही बार्बर नावाच्या गृहस्थांनी १९१७ मध्ये खास आशियातल्या मुलींसाठी शिष्यवृत्ती सुरू केली होती. ती मिळवून जानकी अम्माळ वनस्पतीशास्त्र शिकल्या आणि १९३१ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतल्या.

पैशांचा हिशेब मला शास्त्रापेक्षा बरा कळतो, म्हणून तेही सांगते. शिष्यवृत्ती म्हणजे फुकटचा पैसा नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी कोलंबिया विद्यापीठात शिकायला पाठवलं, ते दरमहा ११.५ पौंडांवर, तीन वर्षांसाठी. त्याबदल्यात पुढे दहा वर्षं बडोदे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये जो निधी सुरू केला, तो तर कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. शिकून आलेल्याने पैसे परत करायचे, म्हणजे तेच पैसे पुढच्याच्या कामी येतात. मला ही पद्धत फार आवडते. घेणाऱ्याची मान ताठ राहते आणि निधी आटत नाही. आपल्या समाजातही शिक्षणासाठी देण्याची परंपरा जुनी आहे. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने मुंबईत १९१५ मध्ये महावीर जैन विद्यालय सुरू झालं, तेव्हापासून कितीतरी मुलं तिथे राहून शिकली. ज्ञानदान हे आपल्याकडे मोठं दान मानलंय, ते उगीच नाही.

कमलाबाई परत आल्यावर काय केलं, ते आपल्या स्वयंपाकघराशीच जोडलेलं आहे. दिल्लीच्या लेडी हार्डिंग कॉलेजात आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम करून, लग्नानंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. नीरेतल्या पोषक घटकांवर त्यांनी संशोधन केलं, डाळींवरही केलं. वालासारख्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडवणारा एक घटक असतो, त्याचा अभ्यास त्यांच्या प्रयोगशाळेत झाला. वाल भिजवून नीट शिजवावेत हा आपल्या आजीचा नियम होता, त्यामागचं शास्त्र हे आहे. पुढे ग्राहक चळवळीतही त्या रमल्या. १९८२-८३ मध्ये त्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या अध्यक्ष होत्या.

हे सगळं ऐकून झाल्यावर मुलगी म्हणाली, "मोठी आई, तू का नाही पुढे शिकलीस?"

मी बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आले होते. एका सरांनी एम.कॉम.साठी शिष्यवृत्तीचा फॉर्म आणून दिला होता. भरून, सही करून कपाटात ठेवला होता. शेवटची तारीख आणि माझ्या साखरपुड्याची तारीख एकच निघाली. त्या दिवशी घरात पाहुणे, पोस्टात कोण जाणार? मला कुणी नाही म्हटलं नाही, मीही कुणाला आठवण केली नाही. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण तो फॉर्म मिळाला असता की नसता, हे मात्र मला कधीच कळलं नाही. नकार आला असता तर विसरले असते. न पाठवलेला अर्ज विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना मी एवढंच म्हणाले, "आई, अर्ज जाऊ दे. मिळाली तर बघू, नाही मिळाली तर सोयरीक आहेच." त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे अर्धा होकार. दिरांबरोबर वही घेऊन बसले आणि फी, राहणं, विमान असा सगळा खर्च मांडला. कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या अर्जाला जामीनदार लागतो. तिथे मी सही केली. माझ्या नावावर जी ठेव आहे, ती कशासाठी ठेवली होती ते मला आत्ता कळलं.

तुमच्या घरात अशी मुलगी असेल तर दोन कामं तुम्ही करा. शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी. आणि शिक्षकांची शिफारसपत्रं महिनाभर आधी मागायला लावा, कारण सगळं अडतं ते तिथेच.

आमचा अर्ज काल रात्री गेला. उत्तर यायचं तेव्हा येईल. पाठवण्याचं बटण मी तिच्याकडून माझ्यासमोर दाबून घेतलं.