भिंतीला आरपार दगड हवा



३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र. दमूनभागून गाव झोपलं होतं, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. याहून मोठे भूकंप जगात होतात, पण दर वेळी एवढी माणसं जात नाहीत. मग इथेच का गेली?

कारण भिंतीत होतं. जाडजूड दगडी भिंत दिसायला भक्कम, पण आतून ती दोन भिंतींची: एक थर बाहेरचा, एक आतला, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगडच नाही. जमीन हलली तसे थर सुटले. वर माळवदावरच्या मातीचं ओझं. काही घरांत मात्र लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला. भिंती तेवढ्या ढासळल्या.

ज्या घरांचं थोडंफार नुकसान झालं होतं, त्यांच्यासाठी पुढे सरकारने दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं काम काढलं. हजाराहून जास्त गावं त्यात होती. घरोघरी जाऊन हे समजावणार कोण? महिला मंडळांतल्या बाया पुढे झाल्या. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने त्या ‘संवाद सहायक’ बनल्या. छतावरची जादा माती काढा, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार बांध घाला, कोपरे एकमेकांना बांधून घ्या, दारांच्या वर चहूबाजूंनी पट्टा फिरवा, हे त्या आधी स्वतः शिकल्या आणि मग गावाला सांगू लागल्या.

आता आपल्या नाशिककडे या. गोदाकाठचे जुने वाडे, सराफ बाजारातला पेशवेकालीन सरकारवाडा, आणि आपल्या खेड्यांतली आजेसासऱ्यांनी बांधलेली घरं. कळवण, सुरगाणा, पेठकडच्या बायांना जमिनीचे बारीक हादरे नवे नाहीत. २००२ च्या भूकंप नकाशात नाशिक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. आणि किल्लारी? १९९३ पूर्वी ती सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती! म्हणून नकाशावर विसंबून निजायचं नाही.

वाड्याचा जीव त्याच्या लाकडी सांगाड्यात असतो. पन्हाळीचं पाणी मुरलं, वाळवी लागली की खांबाचा पाय कुजतो. दुकानाला जागा हवी म्हणून मधला खांब काढला, की वरचा सगळा भार अधांतरी. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, की ओल आतच कोंडते. वरून चकचकीत, आतून पोकळ.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. खांबाच्या बुडाशी टोचून पाहा, लाकूड भुसभुशीत लागतंय का. भिंतीला पोट सुटलंय का, कोपऱ्यात उभी फट पडलीय का, तेही पाहा. तसं दिसलं तर त्या भिंतीजवळ अंथरूण घालू नका आणि जाणकाराला बोलवा. जुनं घर पाडायलाच हवं असं नाही. ते बांधून घेता येतं. किल्लारीकडच्या बायांनी हे शिकायला मोठी किंमत मोजली. आपल्याला ते नुसतं ऐकून शिकता येतंय.

येते मी. नमस्कार.