दोन औंस लोणी आणि एक महायुद्ध

१/ नऊ-दहा वर्षांच्या मुलाला महायुद्ध कसे समजावून सांगावे? सेनापतींची नावे, तहांची कलमे आणि मृतांचे लाखांतले आकडे त्याच्या मनाच्या आवाक्यात येत नाहीत. इंग्लंडमधील अनेक प्राथमिक शाळांनी यावर एक मार्ग शोधला. दुसरे महायुद्ध केवळ इतिहासाच्या तासाला न शिकवता गणित, विज्ञान, भाषा, भूगोल या सर्व विषयांतून शिकवायचे, आणि तेही रणांगणावरचे नव्हे, तर घराघरांतले.

२/ या पद्धतीची मुळे जुनी आहेत. १९६७ च्या प्लाउडेन अहवालाने सांगितले की, मुलांचे शिकणे विषयांच्या कप्प्यांत मावत नाही. त्यानंतर एकाच सूत्राभोवती अनेक विषय गुंफण्याची रीत प्राथमिक शाळांत फोफावली. पुढे राष्ट्रीय अभ्यासक्रमाने विषय पुन्हा वेगळे केले, तरी ही रीत टिकून राहिली. २०१४ पासून लागू असलेल्या अभ्यासक्रमातही ब्रिटिश इतिहासातील निर्णायक वळणाचे उदाहरण म्हणून ‘बॅटल ऑफ ब्रिटन’चा उल्लेख आहे.

३/ गणित. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० रोजी रेशन सुरू झाले. प्रौढ माणसाला आठवड्याला साधारणतः २ औंस (५७ ग्रॅम) लोणी, ८ औंस साखर आणि एक अंडे मिळे. आता ‘व्हिक्टोरिया स्पंज’ हा नेहमीचा केक घ्या. त्याला ८ औंस लोणी आणि ४ अंडी लागतात. म्हणजे एका वाढदिवसाच्या केकात चौघांच्या कुटुंबाचे आठवड्याचे सगळे लोणी आणि सगळी अंडी संपली! टंचाई म्हणजे काय, हे या एका गुणाकारातून जेवढे कळते, तेवढे धड्यातून कळत नाही.

पण गणित इथे थांबले, तर ते अपुरे राहते. उपाहारगृहातील जेवणासाठी रेशनची कुपने लागत नसत. ज्याच्या खिशात पैसा, त्याला बाहेर पोटभर जेवता येई. लोकांत नाराजी वाढली, तेव्हा १९४२ मध्ये अशा जेवणाच्या किमतीवर पाच शिलिंगांची मर्यादा घालावी लागली. वाटा कागदावर समान होता. ताट समान नव्हते.

४/ विज्ञान. कागदाचा सपाट तुकडा दोन पुस्तकांवर आडवा ठेवला, तर एका नाण्याच्या भाराने वाकतो. त्याच कागदाला पन्हळीसारख्या घड्या घातल्या, तर तो कितीतरी नाणी पेलतो. अँडरसन निवाऱ्याचे हेच तत्त्व होते. वाकवलेले पन्हळी पोलादी पत्रे अर्धवट जमिनीत पुरायचे आणि वर माती लोटायची. आत सहा माणसांची सोय. वर्षाला २५० पौंडांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांना तो मोफत मिळे.

पण तो पुरायला परसबाग लागते. शहरातल्या दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या गरिबाकडे ती कुठून असणार? १९४० च्या हवाई हल्ल्यांत लंडनमधील हजारो लोक भुयारी रेल्वेच्या फलाटांवर झोपले.

५/ भाषा. १ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या तीन दिवसांत सुमारे १५ लाख लोकांना शहरांतून गावांकडे हलवण्यात आले. त्यांत बहुसंख्य मुले होती. मूल कोणाच्या घरी उतरणार, हे आईवडिलांना ठाऊक नसे. पोहोचल्यावर मुलांनी पोस्टकार्डावर पत्ता लिहून कळवायचा. आजच्या वर्गांत मुले तशी पत्रे लिहून पाहतात. चांगला शिक्षक त्यांना पुढचा प्रश्न विचारतो : या पत्रात मुलाने काय लिहिले नसेल? बॉम्ब पडेनात आणि ओढ आवरेना, म्हणून जानेवारी १९४० पर्यंत जवळजवळ निम्मी मुले घरी परतली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनवर सलग हवाई हल्ले सुरू झाले.

६/ भूगोल. काही मुलांना समुद्रापार पाठवले गेले. लिव्हरपूलहून कॅनडाला निघालेले ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज १७ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन पाणबुडीने अटलांटिकमध्ये बुडवले. सरकारी योजनेतील ९० मुलांपैकी ७७ दगावली आणि ती योजनाच बंद झाली. या जहाजाचे नाव काशीचे, बांधणी भारताच्या फेऱ्यांसाठी, आणि त्यावरचे अनेक खलाशी भारतीय. त्यांतलेही बहुतेक परतले नाहीत.

७/ नकाशा थोडा पूर्वेकडे सरकवला, की तराजूचे दुसरे पारडे दिसते. १९४३ मध्ये ब्रिटनमध्ये रेशनची घडी नीट बसलेली असताना बंगालमध्ये ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, युद्धकालीन महागाई भडकली होती आणि सरकारी धोरणे कोलमडली होती. त्या दुष्काळात भूक आणि रोगराईने अंदाजे २० ते ३० लाख माणसे मेली. एकाच साम्राज्याची ही दोन स्वयंपाकघरे होती.

८/ या पद्धतीतला धोकाही उघड आहे. गळ्यात चिठ्ठी आणि खांद्याला पुठ्ठ्याची पेटी अडकवून मुले ‘स्थलांतर दिन’ साजरा करतात. युद्ध म्हणजे वेशभूषेची स्पर्धा होऊन बसते. त्या पेटीतला वायुमुखवटा मात्र आज मुलांना घालायला देऊ नये, अशी तिथल्या शाळांना सूचना आहे. कारण त्या काळच्या मुखवट्यांच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असे.

म्हणून प्रत्येक विषयाच्या शेवटी एकच प्रश्न हवा : या हिशेबातून बाहेर कोण राहिले? हा प्रश्न विचारणारे मूल दहाव्या वर्षीच इतिहासकाराच्या वाटेला लागते.

९/ मुंबईतही १९४३ मध्येच रेशन सुरू झाले. युद्ध संपले, साम्राज्य गेले. पण त्या काळाने दिलेला ‘रेशन’ हा शब्द मराठी घरांत कायमचा राहिला. कपाटातले रेशनकार्ड हातात घेऊनही महायुद्धाचा पहिला धडा सुरू करता येतो.