चार दशांश मिलिमीटर

देशांच्या सीमा नकाशावर असतात, तशाच त्या पोलादातही कोरलेल्या असतात, हे मला जुन्या सायकलींच्या नादाने शिकविले. शर्यतीच्या जुन्या सायकलीची फ्रेम हाती आली, की रंग, चाके, ब्रेक यांची सोय कशीबशी लागते. घोडे पेंड खाते ते हँडलखालच्या हेडसेटपाशी. फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीला वर-खाली बसविलेल्या वाट्या, त्यांत फिरणारे छर्रे, फोर्कवर बसणारी कडी आणि फोर्कच्या दांड्याच्या आट्यांवर चढणारी वरची वाटी व नट, एवढाच हा संसार. पण त्याची पत्रिका जुळवू लागले, की शंभर वर्षांचा इतिहास आडवा येतो.

हेडसेट बदलावा तरी का लागतो? सायकल बहुतेक वेळ सरळच चालते. छर्रे त्याच त्या जागी बसून रस्त्याचे हादरे सोसतात, मधले ग्रीस बाजूला सरते आणि वाटीत बारीक खळगे पडतात. मग हँडल मधोमध आले की अडखळते. खालच्या जोडीवर भार अधिक, म्हणून बहुधा तीच आधी जाते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचा पुढे उपयोग आहे.

आता आट्यांकडे वळू. इंग्लंडात 1841 साली जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांना एक शिस्त लावण्याची सूचना मांडली. तोवर एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला ओळख देत नसे. आट्याचा कोन त्याने 55 अंश ठरविला. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 साली 60 अंशांचा कोन पुढे केला. फ्रान्सने क्रांतीच्या धामधुमीत, 1795 साली, मीटर कायद्यात आणलाच होता. 1898 साली झुरिचच्या परिषदेत मिलिमीटरच्या आट्यांची पद्धतही मान्य झाली. सायकलीचा धंदा भरास आला तो याच सुमारास, आणि हे सारे भांडण तिला आंदण मिळाले.

परिणाम असा झाला: इंग्रजी फोर्कचा दांडा एक इंचाचा, म्हणजे 25.4 मिलिमीटरचा, त्यावर इंचाला 24 आटे, कोन 60 अंश. इटली मिलिमीटरचा देश, तरी तेथेही इंच आणि 24 आटेच. कोन मात्र व्हिटवर्थचा 55. फ्रेंच दांडा 25 मिलिमीटरचा, आणि दर मिलिमीटरला एक आटा. नॉटिंगहॅमच्या रॅलेने तर घरच्या घरातच वेगळी चूल मांडली: दांडा एक इंचाचा, पण आटे 26.

ही मापे कागदावर जवळजवळ एकच वाटतात, आणि धोका आहे तो इथेच. इंग्रजी आणि इटालियन भाग एकमेकांवर, थोडे कुरकुरत का होईना, चढतात. 24 आट्यांचा नट रॅलेच्या दांड्यावर एक-दोन फेरे जाऊन अडतो. जोर केला तर आटे फाटतात. इंग्रजी नट फ्रेंच दांड्यावर मात्र विनासायास उतरतो. बसला, असे वाटते. पण चार दशांश मिलिमीटरची ती ढिलाई आट्यांच्या केवळ टोकांवर लोंबकळत असते. आवळला की तो घसरतो. पुढचे चाक ज्याच्या भरवशावर वळावयाचे, त्या सांध्यात अशी तडजोड परवडणारी नव्हे.

माझ्याजवळ प्यूजोची एक फ्रेम आहे. याच कंपनीच्या संघातून बर्नार तेव्हनेने 1975 आणि 1977 साली टूर द फ्रान्स जिंकली. फ्रेमच्या मुख्य नळ्या बर्मिंगहॅमच्या रेनल्डस कारखान्याच्या, 1935 साली बाजारात आलेल्या 531 जातीच्या. म्हणजे नळी इंग्रज आणि आटा फ्रेंच! ‘दांड्यावर नवे इंग्रजी आटे पाडून घ्या,’ असा सल्ला मला अनेकांनी दिला. पण 25 मिलिमीटरच्या दांड्यावर 25.4 चे आटे पाडावयाचे म्हणजे नसलेल्या धातूत खाच कोरणे. आटे उथळ होतात, जुन्या खाचा नव्या खाचांना छेदतात, आणि फोर्कचा दांडा दुबळा होतो. मी तो सल्ला मानला नाही.

वाट दाखविली ती हेडसेटच्या रचनेनेच. आटे असतात ते फक्त वरच्या वाटीला आणि नटाला. खालच्या जोडीला देश नसतो; तिला केवळ व्यास असतो. माझी वरची जोडी शाबूत होती, ती तशीच ठेवली. खालच्या जोडीसाठी व्हर्निअर लावून दोन मापे घेतली: नळीत ठोकून बसणाऱ्या वाटीचे 30.2 मिलिमीटर आणि फोर्कवरच्या बैठकीचे 26.5. जपानी मापाची कडी 27 ची, ती इथे सैल पडते, 26.4 ची घट्ट बसते. शेवटी उंची. दांड्याच्या लांबीतून नळीची लांबी वजा केली, की हेडसेटला मिळणारी जागा कळते. वरचा नट पुरेसे आटे धरील एवढी ती असली पाहिजे.

आपल्याकडे हा इंच इंग्रजी सायकलींबरोबर आला आणि राहिला. 1956 साली दशमान मापांचा कायदा झाला, तरी कारागीर ‘पाव इंची छर्रे’ मागत राहिले. फ्रान्सचे 25 मिलिमीटर मात्र 1980 च्या दशकात मागे पडले, आणि 1990 च्या दशकाच्या आरंभी बिनआट्याचा हेडसेट आल्यावर वादाचे कारणच उरले नाही. एकवाक्यता झाली हे चांगलेच झाले. पण त्या एकवाक्यतेपूर्वीच्या फ्रेम अजून धडधाकट आहेत, आणि त्यांचे नट जुन्या मालाच्या बाजारात शोधावे लागतात. म्हणून जुना हेडसेट सोडविणाऱ्यास माझे एवढेच सांगणे, की खालचा भाग खुशाल टाका. वरची वाटी आणि नट, खळगे पडले असले तरी, जपून ठेवा. कोणा दुसऱ्याच्या फ्रेमला निदान नट तरी हवा असेल.