आस गावचा माळ

बेल्जियमच्या ईशान्य भागात, लिंबर्ग प्रांतात, आस नावाचे एक गाव आहे. वस्ती सुमारे आठ हजार. एक चर्च, चार दुकाने, विटांची बुटकी घरे आणि १८७४ साली सुरू झालेल्या लोहमार्गावरचे जुने रेल्वे स्थानक. या स्थानकावर आता गाडी येत नाही. त्याच्याजवळ लाकडाचा एक उंच मनोरा उभारलेला आहे. त्यावर चढून पाहिले, की दूरवर पाइनची झाडी दिसते. तिच्या पलीकडच्या उघड्या माळांवर ऑगस्ट महिन्यात जांभळा रंग पसरतो. हा रंग हेदर या काटक, गुडघाभर उंचीच्या झुडपाच्या फुलांचा. अशा माळांना इंग्रजीत 'हीथ' आणि तिथल्या डच भाषेत 'हाइडे' म्हणतात.

माळावरच्या वाटांनी सुटीच्या दिवशी शेकडो माणसे सायकलवर हिंडत असतात. त्यांतल्या कोणालाही विचारले तर तो सांगेल, की शहरापासून दूर, निसर्गाच्या सान्निध्यात यावे म्हणून आम्ही इथे येतो. आम्हीही त्याच समजुतीने गेलो होतो. पण या माळाचा इतिहास पाहू लागलो, की 'निसर्ग' हा शब्द वापरताना जरा थांबावे लागते. हा माळ माणसाने घडवलेला आहे. तो पुढे माणसानेच मोडला, आणि आज मोठ्या खटपटीने माणूसच तो टिकवतो आहे.

नापीक जमीन कशी झाली?

या प्रदेशाचे नाव केम्पेन. त्याच्या पूर्वेकडच्या पठाराचा पाया म्हणजे हिमयुगांच्या काळात म्यूझ आणि ऱ्हाईन या नद्यांनी आणून टाकलेले दगडगोटे आणि वाळू. शेवटच्या हिमयुगात वाऱ्याने त्यावर आणखी वाळू पसरली. वाळूत पाणी थांबत नाही आणि पाण्याबरोबर क्षारही खाली निघून जातात. तरीही सुरुवातीला इथे ओक आणि बर्च वृक्षांची वने वाढली. झाडांची मुळे खोल जातात, खालची खनिजे वर आणतात आणि पानगळीतून ती पुन्हा जमिनीला देतात.

माणसाने हे चक्र तोडले. केम्पेनमध्ये आणि लगतच्या डच भागात कांस्ययुगातील, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराचे, मातीचे दफन-टेकाड आढळतात. त्यांच्याखाली दबलेल्या जुन्या मातीतील परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, तर त्यांत हेदरचे परागकण भरपूर सापडतात. म्हणजे टेकाड बांधले तेव्हा आसपास माळ होताच. जंगल तोडून, जाळून, गुरे चारून लोकांनी तो तयार केला होता.

एकदा हेदर आले, की जमीन आणखी बिघडते. त्याच्या पानांचा कचरा आम्लयुक्त असतो आणि लवकर कुजत नाही. त्यातून झिरपणारे पाणी वरच्या थरातील लोह आणि अॅल्युमिनियम विरघळवून खाली नेते. वर राखेच्या रंगाची निस्तेज वाळू उरते आणि खाली तपकिरी, घट्ट थर बसतो. अशा मृदेला 'पॉडझॉल' म्हणतात. हा शब्द रशियन असून त्याचा अर्थच मुळी 'राखेखालचे'.

खताचा हिशेब

अशा जमिनीत माणसे शेकडो वर्षे राय आणि बकव्हीट पिकवत राहिली. ती कशी, हा या इतिहासातला सर्वांत मनोरंजक भाग आहे.

गावाभोवती थोडी शेतजमीन असे आणि तिच्या कितीतरी पट पसरलेला माळ हा साऱ्या गावाचा सामाईक असे. दिवसा मेंढ्या माळावर चरत आणि रात्री गोठ्यात कोंडल्या जात. गोठ्याची जमीन खोदून खोलगट केलेली असे. शेतकरी रुंद पात्याच्या कुदळीने माळावरची हेदरची ढेकळे मुळा-मातीसकट सोलून काढत आणि गोठ्यात अंथरत. त्यावर शेण, लेंड्या आणि मूत पडे. थर भरला की नवी ढेकळे टाकायची. काही महिन्यांनी हे सारे उपसून शेतात पसरायचे.

आपल्याकडे धनगरांची मेंढरे रात्री शेतात बसवतात, तेव्हाही हेच घडते. दिवसा रानात खाल्लेले रात्री शेताला मिळते. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्यातही जंगलातला पालापाचोळा आणि फांद्या शेतात येतात. केम्पेनच्या पद्धतीचे वेगळेपण असे, की तिथे नुसते खत नव्हे, तर मातीच शेतात येत होती.

परिणामी शेत दर वर्षी थोडे थोडे वर चढत गेले. ही वाढ सरासरी वर्षाला सुमारे एक मिलिमीटर धरतात. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटरचा थर म्हणजे दहा घनमीटर माती झाली. ती दर वर्षी फावड्याने, पाटीने आणि गाडीने वाहून आणायची. पाचशे वर्षांत हा थर अर्धा मीटर होतो. आजही जुन्या शेतांच्या कडेला खड्डा घेतला, तर वर काळसर, ह्यूमसयुक्त माती आणि तिच्याखाली दबलेला जुना राखाडी पॉडझॉल स्पष्ट दिसतो. मृदाशास्त्रज्ञ या मातीला 'प्लागन' माती म्हणतात. माणसाने घडवलेल्या मृदांच्या यादीत तिला स्वतंत्र स्थान आहे.

या हिशेबाची दुसरी बाजू माळावर दिसे. शेताला जे मिळाले ते माळाने गमावले. झाडाचे रोप उगवले तर मेंढी ते खाई आणि वाचले तर कुदळीखाली जाई. ढेकळे फार काढली, की उघडी वाळू उडू लागे आणि शेतांवर येऊन पडे. म्हणून गावांनी नियम केले होते. ढेकळे कुठे काढायची, किती काढायची, माळावर कोणाची किती जनावरे चरतील, हे ठरलेले असे आणि नियम मोडणाऱ्याला दंड होई. सामाईक मालमत्तेची नासाडी ठरलेलीच, असे पुष्कळदा सांगितले जाते. केम्पेनचा सामाईक माळ मात्र नियमांच्या आधाराने शतकानुशतके चालला.

माळ 'पडीक' ठरतो

अठराव्या शतकात या प्रदेशाचा काही भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. १७७१ ते १७७८ या काळात फेरारिस या सेनाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इथल्या साऱ्या मुलखाचे तपशीलवार नकाशे तयार झाले. केम्पेनच्या पानांवर मैलोगणती माळ दिसतो आणि त्यात गावे बेटांसारखी विखुरलेली दिसतात. राज्यकर्त्यांना हा माळ वाया गेलेला वाटला. १७७२ मध्येच राणी मारिया थेरेसाने ब्राबांटमधील अशा जमिनी लागवडीखाली आणण्याचा हुकूम काढला. त्याला फारसे यश आले नाही. पुढे स्वतंत्र बेल्जियमने २५ मार्च १८४७ रोजी कायदा केला आणि सामाईक पडीक जमिनी विकायला किंवा लागवडीखाली आणायला ग्रामसंस्थांना भाग पाडता येऊ लागले.

'पडीक' हा शब्द कोणी वापरला ते लक्षात घ्यायला हवे. कागदावर ती जमीन रिकामी होती. पण तिथे मेंढ्या चरत, मधमाश्या पाळल्या जात, सरपण मिळे आणि खताची माती निघे. जमीन विकली गेली तेव्हा सर्वांत मोठा फटका बसला तो स्वतःची शेती जेमतेम असलेल्या माणसाला.

याच सुमारास माळाची गरजही कमी होत गेली. आधी समुद्रापलीकडचे ग्वानो आले. मग १८७८ च्या सुमारास सिडनी गिलख्रिस्ट थॉमस याने पोलाद बनवण्याची नवी रीत काढली. तिच्यातून निघणाऱ्या मळीत फॉस्फरस भरपूर असतो, त्यामुळे तीच खत म्हणून विकली जाऊ लागली. ऑस्ट्रेलियाच्या स्वस्त लोकरीपुढे इथल्या मेंढ्या परवडेनात. ढेकळे सोलण्याचे कष्ट कोण घेणार? माळावर ओळीने स्कॉट्स पाइनची लागवड झाली.

पाचशे एकेचाळीस मीटर खाली

या पाइनला गिऱ्हाईकही लवकरच मिळाले. लुव्हाँ विद्यापीठातील खाणशास्त्राचे प्राध्यापक आंद्रे द्युमाँ यांची अशी धारणा होती, की दक्षिणेला लिएजजवळ आणि पूर्वेला जर्मनीत सापडणारे कोळशाचे थर केम्पेनच्या वाळूखालीही असले पाहिजेत. एलेन येथे घेतलेला आधीचा छेद फसला होता. पण २ ऑगस्ट १९०१ रोजी आस येथील छेदात ५४१ मीटर खोलीवर कोळसा लागला.

कोळसा सापडला, पण काढणे सोपे नव्हते. वरची शेकडो मीटर जाडीची वाळू पाण्याने भरलेली. विहीर खणावी तर बाजू ढासळणार. म्हणून नळ्यांतून अतिशय थंड द्रव फिरवून विहिरीभोवतीची जमीन गोठवली आणि त्या बर्फाच्या भिंतीआड खोदकाम केले. १९१७ मध्ये विंटर्सलागच्या खाणीतून उत्पादन सुरू झाले. पुढे अशा सात खाणी झाल्या. छताला आधार देण्यासाठी खांब लागत, ते पाइनचे. हे लाकूड मोडण्यापूर्वी करकरते आणि कामगाराला सावध करते, असा त्याचा लौकिक होता.

माळाचे रूप पालटले. गेंक हे शेजारचे खेडे १८४० पासून निसर्गचित्रकारांचे आवडते ठिकाण होते. एमिल व्हान डोरेन या चित्रकाराचे तिथले घर आज संग्रहालय आहे. खाणींमुळे त्या खेड्याचे शहर झाले. पोलंड, इटली, ग्रीस, तुर्कस्तान, मोरोक्को इथून कामगार आले. मग तेलापुढे आणि आयात कोळशापुढे या खाणी टिकेनात. १९६६ च्या जानेवारीत झ्वार्टबेर्गची खाण बंद करण्याविरुद्ध झालेल्या आंदोलनात दोघांना प्राण गमवावे लागले. शेवटची, झोल्डरची खाण १९९२ मध्ये बंद झाली.

खाणीतून सायकलवर

हजारो माणसांचे काम गेले. या प्रदेशाला नवा आधार हवा होता. ह्यूगो बोलेन या खाण अभियंत्याने सायकलींच्या वाटांसाठी एक साधी योजना मांडली. भूगर्भातल्या वाटांच्या जाळ्यावरून ती सुचली, असे सांगितले जाते. पूर्वी एकेका सहलीच्या मार्गावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाट्या लावत. बोलेन यांनी मार्गांऐवजी चौकांना क्रमांक दिले. प्रत्येक चौकात एवढेच लिहायचे, की पुढचे अमुक क्रमांक अमुक दिशेला. आपण घरून निघताना कागदावर चार-पाच क्रमांक लिहून घ्यायचे, की झाले. असे जाळे १९९५ मध्ये लिंबर्गमध्ये सुरू झाले आणि पुढे साऱ्या फ्लँडर्समध्ये, नेदरलँड्समध्ये आणि जर्मनीतही पसरले.

गणिताच्या शिक्षकांना यात ऑयलरने १७३६ मध्ये सोडवलेले कोनिग्सबर्गच्या पुलांचे कोडे आठवेल. पाच ओळी आणि पाच स्तंभ अशा पंचवीस चौकांचे जाळे काढा. त्यात चौकांना जोडणारे रस्ते फक्त चाळीस. पण एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाण्याचे सर्वांत कमी लांबीचे मार्गच सत्तर भरतात. वळसे घेतले तर विचारायलाच नको. थोड्या पाट्यांत इतके मार्ग मिळतात, ही त्या योजनेची खुबी आहे.

२००६ मध्ये आस आणि आसपासचे साडेपाच हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र 'होखे केम्पेन' राष्ट्रीय उद्यान म्हणून खुले झाले. आसचे जुने स्थानक त्याचे एक प्रवेशद्वार आहे आणि आयस्डेनच्या खाणीची जागा हे दुसरे.

कमी शेण, जास्त शेण

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. माळ तसाच सोडून दिला तर काय होते? काही वर्षांत बर्च आणि पाइनची रोपे उगवतात आणि हेदर झाकोळून जाते. त्याच्याबरोबर उघड्या वाळूत राहणारे सरडे, कीटक आणि माळावर घरटी करणारे पक्षीही जातात. म्हणून उद्यानात मेंढ्यांचे कळप राखतात, पाइन तोडतात आणि यंत्राने ढेकळे सोलतात. पूर्वी गरिबीपोटी केलेले काम आज सरकारी खर्चाने करावे लागते.

आणखी एक अडचण आहे. फ्लँडर्समध्ये डुकरे, कोंबड्या आणि गुरे यांचे पालन फार दाटीने होते. त्यांच्या मलमूत्रातून अमोनिया हवेत जातो, वाहनांच्या धुरातून नायट्रोजनची ऑक्साइडे येतात आणि हे सारे पावसाबरोबर आणि धुळीबरोबर माळावर उतरते. हेक्टरी वर्षाला पाच ते पंधरा किलोच्या पुढे असा नायट्रोजन पडला, तर हेदर मागे पडून गवत माजू लागते. अनेक ठिकाणी ही मर्यादा ओलांडली गेली आहे. शेणाच्या टंचाईने जो माळ घडवला, त्याला आज शेणाचा सुकाळ मारतो आहे.

उपाय करायचा तर जनावरे कमी करावी लागतात आणि मग शेतकऱ्याच्या पोटावर पाय येतो. मार्च २०२३ मध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ब्रुसेल्समध्ये उतरले. जानेवारी २०२४ मध्ये फ्लेमिश संसदेने नायट्रोजनविषयीचा कायदा संमत केला. पण वाद मिटलेला नाही. जिला राखायचे ती जमीन कोणाची आणि तिचा भार कोणी उचलायचा, हा १८४७ सालचाच प्रश्न पुन्हा समोर आला आहे.

वर्गात

आपल्याकडेही दख्खनच्या गवताळ माळांची सरकारी दप्तरात पडीक म्हणून नोंद होते आणि 'हिरवे' करण्याच्या हौसेने त्यांवर झाडे लावली जातात. माळढोकाला मात्र मोकळा माळच लागतो.

आपल्या गावचा पडीक समजला जाणारा एखादा तुकडा विद्यार्थ्यांना निवडू द्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशात तो कसा दाखवला आहे, ते पाहा. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, की तिथे कोणाची जनावरे चरत, कोणते गवत, कोणत्या भाज्या, कोणती औषधी मुळे तिथून येत, तिथे कधी नियम होते का आणि ते कोण पाळून घेई. शक्य असेल तर हातभर खड्डा घेऊन मातीचे थर मोजा आणि त्यांचे रंग लिहून घ्या. शेजारच्या जुन्या शेतातही तसाच खड्डा घ्या. दोन्हींत फरक दिसला, तर तो कोणाच्या कष्टाने पडला असेल, यावर मुलांना बोलू द्या.