गेरूवरचा पांढरा

सख्यांनो, आपल्या शहापूर-मुरबाडकडच्या वारली घरांत चित्राला रंग एकच, तांदळाच्या पिठाचा पांढरा. चुन्याच्या भिंतीवर तो दिसणारसुद्धा नाही. शेणाने सारवून गेरू दिलेल्या कुडावर मात्र लख्ख उठतो. गडदाशेजारी फिका खुलतो, हा रंगांचा पहिलाच धडा. आपल्या आज्यांना तो कुणी शिकवला नव्हता.

लग्नाचा चौक, पालघट देवीचा, सवाष्णीच काढायच्या. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णींमुळे ही चित्रं कागदावर आली. डहाणूकडच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर पोचले, २०११ साली पद्मश्री झाले. हात मोठाच त्यांचा! पण कागद उरतो, त्यावरचं नावही उरतं. आज्यांचा चौक भिंत पुन्हा सारवली की गेला.